हस्तर कुठून आला?

'तुंबाड' बघितलेला नाही असा माणूस आता आमच्या टीममध्ये तरी उरलेला नाही. २०१८ मध्ये चित्रपट आला तेव्हा थेटरात फारशी गर्दी नव्हती. मग लॅपटॉपवर, मोबाईलवर बघून बघून लोकांनीच त्याला मोठं केलं आणि २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा तिकिटं मिळेनात. बघून आल्यावर प्रत्येकजण एक प्रश्न हमखास विचारतो, "हा हस्तर नक्की कुठल्या पुराणातला रे?"

उत्तर असं आहे की कुठल्याच नाही. तुम्ही अठरा पुराणं आणि वर उपपुराणं चाळलीत तरी हा देव तुम्हाला सापडायचा नाही. गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीवरून आलं, पण कादंबरीतही हस्तर नाही. मग हे नाव आलं कुठून? या शनिवार-रविवारी तीच गोष्ट सांगायचा विचार आहे. गोष्ट १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुरू होते आणि नागझिऱ्याच्या जंगलात येऊन पोचते. मधल्या प्रवासात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. हे नाव कादंबऱ्यांनी किंवा मोठ्या प्रकाशकांनी पुढे नेलेलं नाही. ते नेलंय कथासंग्रहांनी, आणि "अरे, हे वाचच तू" असं म्हणून ते संग्रह दुसऱ्याच्या हातात कोंबणाऱ्या वाचकांनी. त्यामुळे हा लेख म्हणजे अर्धा इतिहास आणि अर्धी वाचनाची यादी आहे असं समजा. ('तुंबाड'मधला एखादा तपशील फुटेल, तेव्हा न बघितलेल्यांनी आधी बघून या.)

इंग्रजीत ज्याला 'विअर्ड फिक्शन' म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द नाही. गूढकथा म्हटलं तर रहस्यकथा वाटते, भयकथा म्हटलं तर भूत आलंच पाहिजे. विअर्डमध्ये भूत असेलच असं नाही. आपण जे जग खरं मानून चाललोय त्याला कुठेतरी एक फट आहे आणि त्या फटीतून पलीकडचं काहीतरी दिसलं, असा तो अनुभव. ही फट दहा-वीस पानांतच नीट उघडते. चारशे पानं सतत कोणी बिचकत राहू शकत नाही, मधे चहा लागतोच. म्हणून हा प्रकार मुळातच कथेचा आहे, आणि कथेचा एक प्रॉब्लेम असतो. ती मासिकात येते आणि मासिक रद्दीत जातं.

तर हस्तर. अँब्रोज बिअर्स नावाचा अमेरिकन पत्रकार आणि कथालेखक होता. त्याने १८९१ साली 'हैता द शेफर्ड' नावाची छोटीशी कथा लिहिली. तीत हस्तर हा मेंढपाळांचा देव आहे. अगदी साधा, सज्जन देव! सोनं नाही, धान्याचा शाप नाही, काही नाही. बिअर्स पुढे १९१३ च्या शेवटी मेक्सिकोत गेला आणि नाहीसाच झाला, पण ते सोडा. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्सचा 'द किंग इन यलो' हा कथासंग्रह आला. चेंबर्सने बिअर्सच्या कथांमधली दोन-चार नावं सरळ उचलली, त्यात हस्तरही होता. त्याच्या संग्रहात एक नाटक आहे, जे वाचणारा माणूस वेडा होतो. ते नाटक आपल्याला कधीच पूर्ण वाचायला मिळत नाही, फक्त तुकडे दिसतात. हस्तर हे त्या तुकड्यांमधलं एक नाव, आणि ते माणसाचं आहे की जागेचं की ताऱ्याचं तेही नीट कळत नाही. संग्रहातल्या पहिल्या चार कथा जरूर वाचा. उरलेल्या बऱ्याचशा पॅरिसमधल्या चित्रकारांच्या प्रेमकथा आहेत, त्या सोडल्या तरी चालेल.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस येतो. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट, जन्म १८९०, गाव प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंड. तुम्ही एखादा व्हिडिओ गेम खेळला असाल तर त्याचा 'क्थुलू' कुठेतरी भेटला असेलच. तोंडावर ऑक्टोपससारख्या सोंडा असलेला, समुद्रतळाशी झोपलेला. लव्हक्राफ्टला लेखक म्हणून सगळे ओळखतात, पण मला तो त्याआधी वाचक म्हणून आवडतो.

डब्ल्यू. पॉल कुक नावाच्या त्याच्या एका मित्राला छपाईचा नाद होता. त्याने लव्हक्राफ्टला म्हटलं, माझ्या हौशी मासिकासाठी भयकथांवर एक लेख लिही. लव्हक्राफ्ट वाचनालयांत जाऊन बसला आणि दीडेक वर्ष वाचत राहिला. त्यातून छोट्या पुस्तकाएवढा लेख तयार झाला. १९२७ मध्ये तो कुकच्या 'द रिक्लूज' या मासिकात आला. त्या मासिकाचा तो पहिला आणि शेवटचा अंक. :) हा लेख म्हणजे सरळसरळ एक यादी आहे. कोणी काय लिहिलं, त्यातलं काय वाचावं, का वाचावं. शेवटच्या प्रकरणात त्याने चार समकालीन लेखकांना डोक्यावर घेतलंय, ते म्हणजे आर्थर मॅकन, अल्जरनॉन ब्लॅकवुड, लॉर्ड डनसनी आणि एम. आर. जेम्स. आज कुठल्याही वाचकाला या प्रकारातलं जुनं काय वाचू असं विचारा, हीच चार नावं येतात. म्हणजे जवळपास शंभर वर्षं आपण सगळे एका बंद पडलेल्या हौशी मासिकातली यादीच एकमेकांना फॉरवर्ड करतोय.

यातल्या जेम्सबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधला प्राध्यापक. नाताळात मित्रांना जमवून मेणबत्तीच्या उजेडात स्वतःच्या भुताच्या कथा वाचून दाखवायचा. पुस्तक काढायची त्याला घाई नव्हती. त्याचा तरुण मित्र जेम्स मॅकब्राइड या कथांसाठी चित्रं काढत होता. चार चित्रं झाली आणि १९०४ मध्ये मॅकब्राइड वारला. 'घोस्ट स्टोरीज ऑफ अ‍ॅन अँटिक्वेरी' हा संग्रह त्याच वर्षी त्या चार चित्रांसकट निघाला, मित्राची आठवण म्हणून. ज्यांना फार डोकं न लावता एकदम भ्यायचंय त्यांनी इथून सुरुवात करावी.

लव्हक्राफ्टच्या स्वतःच्या कथा मुख्यतः 'विअर्ड टेल्स' या मासिकात यायच्या. मार्च १९२३ मध्ये शिकागोहून सुरू झालेलं हे मासिक पल्प होतं. पल्प म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला सगळ्यात स्वस्त कागद. त्यात लिग्निन राहतं आणि आम्ल असतं, त्यामुळे तो आधी पिवळा पडतो, मग कडक होतो आणि शेवटी हातात घेतला की तुकडे पडतात. मानधन शब्दाला सेंट-दीड सेंट. या पैशात लव्हक्राफ्टचं कधीच भागलं नाही. इतरांचं लिखाण दुरुस्त करून दे, जादूगार हुडिनीच्या नावावर कथा लिहून दे, असं करत तो जगला.

आणि मासिकात कथा लागणंही सोपं नव्हतं. 'द कॉल ऑफ क्थुलू' ही आज त्याची सगळ्यात गाजलेली कथा, पण संपादक फार्न्सवर्थ राइटने ती आधी परत पाठवली होती. १९२७ च्या उन्हाळ्यात डोनाल्ड वँड्री नावाचा विशीतही नसलेला एक वाचक मिनेसोटाहून प्रॉव्हिडन्सला लिफ्ट मागत मागत निघाला. कशाला? तर लव्हक्राफ्टला भेटायला. वाटेत शिकागोला थांबून तो 'विअर्ड टेल्स'च्या ऑफिसात गेला आणि राइटला म्हणाला, त्याच्याकडे एक जबरदस्त कथा आहे, तुम्ही नाही घेतलीत तर तो दुसरीकडे देईल. राइटने कथा परत मागवली आणि ती फेब्रुवारी १९२८ च्या अंकात आली. एका वाचकाची शिफारस नसती तर क्थुलू कदाचित टेबलाच्या खणात राहिला असता.

हस्तर इथे पुन्हा भेटतो. 'विअर्ड टेल्स'च्या ऑगस्ट १९३१ च्या अंकातल्या 'द व्हिस्परर इन डार्कनेस' या कथेत लव्हक्राफ्ट भयानक नावांची एक मालिका देतो, त्यात चेंबर्सकडून घेतलेलं हे नाव आहे. बस, एवढंच. तो कोण, काय, काही सांगत नाही. यादी करणाऱ्या माणसाने आपल्या आवडत्या संग्रहाला केलेला हा सलाम होता.

१५ मार्च १९३७ रोजी लव्हक्राफ्ट आतड्याच्या कर्करोगाने वारला. वय ४६. आयुष्यात त्याचं एकच पुस्तक निघालं, १९३६ साली, शे-दोनशे प्रती बांधलेलं आणि छपाईच्या चुकांनी भरलेलं. बाकी सगळं पिवळ्या पडणाऱ्या अंकांत आणि हस्तलिखितांत. प्रामाणिकपणे सांगा, असा लेखक पुढे टिकायची शक्यता किती? मी जर एस्टिमेट देणारा असतो तर शून्य लिहून मोकळा झालो असतो.

टिकला तो तीन वाचकांमुळे. पहिला रॉबर्ट बार्लो. तेराव्या वर्षापासून हा मुलगा लव्हक्राफ्टशी पत्रव्यवहार करत होता. लव्हक्राफ्टला त्याचं वय माहीतच नव्हतं. १९३४ मध्ये तो फ्लोरिडाला त्याच्याकडे राहायला गेला तेव्हा कळलं की आपला विद्वान मित्र सोळा वर्षांचा आहे. बार्लोने कथा टाइप करून द्यायच्या आणि बदल्यात मूळ हस्तलिखित ठेवून घ्यायचं असा सौदा होता. लव्हक्राफ्टला टाइप करायचा भयंकर कंटाळा, त्यामुळे दोघंही खूश. मरताना त्याने कागदपत्रांची जबाबदारी या पोरावर टाकली, आणि अठरा वर्षांच्या बार्लोने ती सगळी हस्तलिखितं प्रॉव्हिडन्सच्याच ब्राउन विद्यापीठाच्या जॉन हे लायब्ररीत नेऊन ठेवली. पुढे तो मेक्सिकोत जाऊन नाउआत्ल भाषेचा मोठा अभ्यासक झाला आणि १९५१ च्या जानेवारीत, वयाच्या ३२ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. हे लिहिताना वाईट वाटतं, कारण या कथेत सगळ्यात कमी श्रेय मिळालेला माणूस तोच आहे.

दुसरे दोघे म्हणजे आपला लिफ्टवाला वँड्री आणि विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटीचा ऑगस्ट डर्लेथ. डर्लेथ तर लव्हक्राफ्टला कधी प्रत्यक्ष भेटलाही नव्हता, सगळी मैत्री पत्रांतून. दोघांनी कथांचा संग्रह तयार करून मोठ्या प्रकाशकांकडे पाठवला, त्यांनी नाही म्हटलं. मग डर्लेथने घर बांधायला काढलेल्या कर्जातला पैसा वळवला आणि दोघांनी स्वतःच प्रकाशन काढलं, 'आर्कहॅम हाउस'. गृहकर्ज घेतलेल्या माझ्या मित्रांनी क्षणभर थांबून या गोष्टीचा विचार करावा. आपण फार तर त्यातून मॉड्युलर किचन करतो.

१९३९ मध्ये 'द आउटसायडर अँड अदर्स' आला. साडेपाचशे पानं, किंमत ५ डॉलर, आधी पैसे भरणाऱ्यांना साडेतीन. छापल्या १२६८ प्रती, आगाऊ मागणी आली जेमतेम दीडशेची. सगळ्या प्रती खपायला चार वर्षं लागली. शहाण्या माणसाने दुकान बंद केलं असतं. डर्लेथने १९४१ मध्ये दुसरं पुस्तक काढलं, १९४२ मध्ये क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथचा संग्रह, १९४३ मध्ये लव्हक्राफ्टचा दुसरा खंड. १९४७ मध्ये एका सत्तावीस वर्षांच्या पोराचा पहिलावहिला कथासंग्रह त्याने छापला, 'डार्क कार्निव्हल'. पोराचं नाव रे ब्रॅडबरी. (तो संग्रह आज सहज मिळत नाही, पण त्यातल्या बऱ्याच कथा ब्रॅडबरीने सुधारून १९५५ च्या 'द ऑक्टोबर कंट्री'त घेतल्या. माझी ही सगळ्यात लाडकी शिफारस. पावसाळ्यात वाचा.)

डर्लेथने हस्तरचंही एक काम केलं. 'विअर्ड टेल्स'च्या मार्च १९३९ च्या अंकात त्याने 'द रिटर्न ऑफ हस्तर' ही कथा लिहिली आणि या नावाला खराखुरा, दुष्ट, ताकदवान देव बनवलं. १९४१ चं जे दुसरं पुस्तक म्हटलं, तो डर्लेथचाच कथासंग्रह आणि ही कथा त्यात आहे. मेंढपाळांचा सज्जन देव पन्नास वर्षांत राक्षस झाला.

डर्लेथवर टीकाही भरपूर होते आणि ती रास्त आहे. लव्हक्राफ्टचे देव माणसाकडे लक्षसुद्धा देत नाहीत, आपण त्यांना मुंग्यांइतकेही महत्त्वाचे नाही, यातच त्याची भीती आहे. डर्लेथने त्यात चांगले देव विरुद्ध वाईट देव असा सामना लावून दिला. लव्हक्राफ्टच्या टिपणांतले तुकडे घेऊन स्वतः कथा लिहिल्या आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव टाकलं. बार्लोला बाजूला सारलं. पण त्याने घराचे पैसे लावले नसते तर टीका करायलाही काही उरलं नसतं, हेही तितकंच खरं.

एकदा जाड संग्रह निघाला की त्यातून स्वस्त पेपरबॅक निघतात. १९४७ मध्ये एव्हन कंपनीने लव्हक्राफ्टचा एक छोटा संग्रह काढला, 'द लर्किंग फिअर'. त्याची एक प्रत मेन राज्यातल्या एका घराच्या पोटमाळ्यावर खोक्यात पडून होती. बायको-मुलांना सोडून निघून गेलेल्या एका माणसाची ती पुस्तकं. बारा-तेरा वर्षांच्या त्याच्या मुलाला तो खोका सापडला. मुलगा म्हणजे स्टीफन किंग. 'डान्स मकाब्र' (१९८१) या पुस्तकात त्याने हा प्रसंग स्वतः सांगितला आहे.

या किंगने १९८४ मध्ये 'ग्रॅमा' नावाची कथा लिहिली, ती पुढच्या वर्षी 'स्केलेटन क्रू' या संग्रहात आली. एक मुलगा घरात एकटा आहे, सोबत अंथरुणाला खिळलेली अवाढव्य आजी. आजी काहीतरी भलतंच आहे. तिला गप्प करायचं तर एका नावाने आज्ञा द्यावी लागते, आणि ते नाव आहे हस्तर. आता 'तुंबाड'मधली साखळीने बांधलेली आजी आठवा. ती कुणाच्या नावाला घाबरून झोपते ते आठवा. लागली लिंक?

पण मेनहून कोकणात कसं पोचायचं? त्या पुलाचं नाव नारायण धारप (१९२५-२००८). किंगची 'सालेम्स लॉट' मराठीत 'लुचाई' होऊन आली ती धारपांमुळे, आणि 'ग्रॅमा'वरून त्यांनी 'आजी' ही कथा केली. काही लोक याला नुसती उचलेगिरी म्हणतात. मला ते पटत नाही. धारपांनी ही भीती वाड्यात, माजघरात, दिवेलागणीच्या वेळेत आणून बसवली. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी मराठी वाचकांना लव्हक्राफ्ट आणि किंग ही नावं कळायच्या आधीच ते दोघं धारपांच्या वेषात भेटून गेले होते.

आणि शेवटचा टप्पा. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय की १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात रात्री एका मित्राने त्यांना धारपांची एक गोष्ट सांगितली आणि ते जाम टरकले. 'तुंबाड'चं बीज तिथलं. म्हणजे इथेही पुन्हा एक वाचक मित्र! बिअर्स, चेंबर्स, लव्हक्राफ्ट, डर्लेथ, किंग, धारप, आणि मग शेकोटीशेजारी एक मित्र. १८९१ ते २०१८, एकशे सत्तावीस वर्षं.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल. आयटीत 'मेंटेनन्स प्रोजेक्ट' मिळाला म्हटलं की पोरांची तोंडं पडतात. सगळ्यांना नवीन काहीतरी बनवायचं असतं. दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधत बसायला कोणालाच आवडत नाही. म्हणून मला या इतिहासातला सगळ्यात जवळचा माणूस वाटतो तो एस. टी. जोशी. सुनंद त्र्यंबक जोशी, जन्म १९५८, गाव पुणे! होय, आपलं पुणे. पाच वर्षांचा असताना तो घरच्यांबरोबर अमेरिकेत गेला, पुढे लव्हक्राफ्टच्या नादी लागला आणि ब्राउन विद्यापीठातच शिकायला गेला, का, तर बार्लोने ठेवलेली हस्तलिखितं तिथे होती.

तोवर छापला जाणारा लव्हक्राफ्ट चुकांनी भरलेला होता. मासिकांच्या संपादकांनी परिच्छेद तोडले होते, मजकूर कापला होता. १९३६ मध्ये 'अ‍ॅस्टाउंडिंग स्टोरीज'ने 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' छापताना इतकी मोडतोड केली की लव्हक्राफ्ट भयंकर संतापला आणि स्वतःच्या प्रतींवर हाताने दुरुस्त्या करत बसला. नंतरच्या आवृत्त्यांत जुन्या चुका कायम राहिल्या आणि नव्या शिरल्या. जोशींनी हस्तलिखितं, टाइप केलेल्या प्रती आणि छापील मजकूर ओळीओळीने ताडून पाहिला. आपण ज्याला 'डिफ' काढणं म्हणतो तेच, फक्त टूलशिवाय आणि एका माणसाच्या मुंगीएवढ्या अक्षरावर. दुरुस्त केलेले तीन खंड आर्कहॅम हाउसने १९८४, १९८५ आणि १९८६ मध्ये काढले. १९९९ मध्ये पेंग्विन क्लासिक्सचा 'द कॉल ऑफ क्थुलू अँड अदर विअर्ड स्टोरीज' आला तोही जोशींनीच संपादित केलेला. लव्हक्राफ्ट वाचायचा असेल तर हीच आवृत्ती घ्या, टीपाही छान आहेत.

पण जपणाऱ्यांचं कौतुक करताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. लव्हक्राफ्ट वंशवादी होता. नुसता 'त्या काळाप्रमाणे' नव्हे, चांगलाच. त्याच्या पत्रांत आणि 'द हॉरर अ‍ॅट रेड हुक' (१९२७) सारख्या कथांत स्थलांतरितांबद्दल जी किळस आहे ती वाचताना आपल्यासारख्या सावळ्या माणसाला स्पष्ट कळतं की यातला राक्षस मीच आहे. १९७५ पासून वर्ल्ड फँटसी पुरस्कार म्हणून लव्हक्राफ्टच्या चेहऱ्याचा पुतळा द्यायचे. नायजेरियन वंशाच्या न्नेडी ओकोराफॉरला २०११ मध्ये तो मिळाला, तेव्हा तिने या चेहऱ्याचं काय करायचं हा प्रश्न जाहीरपणे विचारला. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो पुतळा बंद झाला, आणि निषेध म्हणून जोशींनी स्वतःला मिळालेले पुरस्कार परत केले. मला इथे जोशींचं पटत नाही. कथा जपणं वेगळं आणि तोच चेहरा प्रत्येकाच्या कपाटात ठेवायला लावणं वेगळं. व्हिक्टर लाव्हालने जास्त चांगला मार्ग काढला. 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' (२०१६) मध्ये त्याने 'रेड हुक'चीच गोष्ट एका काळ्या तरुणाच्या बाजूने सांगितली. छोटीशी आहे, एका बैठकीत होते.

याद्यांचा हाच धोका असतो. यादी काहीतरी वाचवते आणि जे यादीत नाही ते बुडतं. सी. एल. मूरचं उदाहरण घ्या. इंडियानापोलिसमधल्या एका बँकेत सेक्रेटरी असलेली ही मुलगी. बँकेला कळू नये म्हणून तिने आपलं पूर्ण नाव न देता फक्त आद्याक्षरं टाकली (मूनलायटिंग काही आजचं नाही!). नोव्हेंबर १९३३ मध्ये तिची 'शॅम्ब्लू' आली तेव्हा संपादक राइटने आनंदाने त्या दिवशी ऑफिसच बंद ठेवलं अशी दंतकथा आहे. पण तिच्या या कथांचे संग्रह निघायला १९५३-५४ उजाडलं, आणि लव्हक्राफ्टचं नाव घेणाऱ्या दहा लोकांपैकी नऊजणांनी आजही तिला वाचलेलं नसतं.

म्हणून २०११ मध्ये अ‍ॅन आणि जेफ व्हँडरमीर या दांपत्याने काढलेला 'द विअर्ड' हा संग्रह मला महत्त्वाचा वाटतो. हजारावर पानं, शंभराहून जास्त कथा, आणि यादी मुद्दाम उघडी केलेली. जपान, पोलंड, बेल्जियम सगळीकडचे लेखक. आणि आपले रवींद्रनाथ! 'क्षुधित पाषाण' ही १८९५ ची कथा, म्हणजे नेमकी 'द किंग इन यलो'च्या वर्षाची. १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ अहमदाबादला थोरल्या भावाकडे, शाहीबागेतल्या जुन्या मोगल महालात राहिले होते, त्या आठवणीतून ती आली. गुलजारचा 'लेकिन' ज्यांनी बघितलाय त्यांना ही कथा माहीतच आहे. ज्याला एकच पुस्तक घ्यायचंय त्याने 'द विअर्ड' घ्यावं. उशीखाली ठेवू नका, मान दुखेल. :)

आता मराठीचं काय? आपल्याकडे या प्रकाराची परंपरा नव्हती असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासून दिवाळी अंक सुरू झाले. अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये 'हंस' काढला, मग 'मोहिनी' आणि 'नवल'. अद्भुत आणि थरारक कथांसाठी ओळखलं जाणारं 'नवल' म्हणजे जवळपास आपलं 'विअर्ड टेल्स'. रत्नाकर मतकरींच्या (१९३८-२०२०) गूढकथा 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'निजधाम' अशा संग्रहांत आल्या म्हणून आज आपल्या हातात आहेत. 'खेकडा' अजून वाचला नसेल तर आधी तो वाचा, बाकी सगळं नंतर. धारपांच्या पुस्तकांच्याही नव्या आवृत्त्या निघाल्या.

पण हे मोठे लोक. दिवाळी अंकात एकच जबरदस्त कथा लिहून गप्प बसलेले लोक किती असतील? कोणी शिक्षक, कोणी पोस्टातला कारकून. त्यांचा संग्रह निघालेला नाही, त्यांच्यासाठी कोणी गृहकर्ज वळवलेलं नाही. त्यांच्या कथा फक्त त्या एका अंकात आहेत आणि तो अंक कुणाच्या तरी माळ्यावर पिवळा पडतोय. लिग्निनला मराठी-इंग्रजी कळत नाही.

मी सध्या एक साधं काम सुरू केलंय. जुना अंक हातात आला की अनुक्रमणिकेचा फोटो काढायचा आणि एका एक्सेल शीटमध्ये वर्ष, अंक, कथा आणि लेखक भरायचं. गूढ, विचित्र, भीतीची अशी जी कथा असेल तिच्यापुढे खूण. आठवड्यातून फार तर तासभर जातो. यातून आर्कहॅम हाउस उभं राहणार नाही हे मलाही कळतं. पण कुठली कथा कुठे आहे हेच माहीत नसेल तर संग्रह काढणार कोण आणि कशाचा?

तेव्हा मंडळी, यंदा दिवाळीच्या साफसफाईत आई किंवा आजी "हे सगळं रद्दीवाल्याला देऊन टाक" म्हणाली की गठ्ठा खाली उतरवा, पण त्याला द्यायच्या आधी अनुक्रमणिका बघा. ओळखीची नावं सोडा आणि ज्याचं नाव कधीच ऐकलेलं नाही त्याची कथा आधी वाचा. आवडली तर कुणाला तरी सांगा.